तांबडीची धार आधी

पाथर्डी,
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रेश्मा हीस अ. उ. आ.

दोन महिने तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. फोन होत होते, पण ऊसतोडीच्या तळावर तुमचा फोन एकच आणि तो कल्याणच्या कानाशी. माझ्या भावासमोर जे बोलवत नाही ते लिहिते आहे. आपल्या गावचा गोरक्ष ट्रॅक्टर घेऊन तिकडे निघालाय, त्याच्या हाती देते.

निघताना तुम्ही गाभण शेवंती माझ्या दावणीला बांधून गेलात. ती बरी आहे असं मी तीनदा सांगितलं. ती बरी नाही. तिला कासेचा आजार, दगडी झाली. कासेचे मागचे दोन्ही सड गेले. दिवाळीनंतर व्याली तेव्हा दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर देत होती, आता जेमतेम पाच.

कसं झालं ते मी माझ्या डायरीत शोधलं. दगडी आधी माझ्या तांबडीला झाली, बारा डिसेंबरला. कास दगडासारखी, हात लावू देईना. त्या दिवसापासून रोज एकच नोंद आहे: तांबडीची धार आधी काढली, बिचारीला ठणका होता. आपल्या घरात आजारी माणसाला आधी वाढतात, तसं मी केलं. मग त्याच हातांनी, त्याच ओल्या फडक्याने कास पुसून शेवंतीखाली बसले. ती पहिलारू, धार काढली की थकून लगेच खाली बसायची, आणि खाली मुताचा ओलावा. धारेनंतर अर्धा तास सडांची तोंडं उघडी असतात, तेवढा वेळ पुढे वैरण टाकून गाय उभी ठेवायची असते, हे डॉक्टरांनी शेवंतीला तपासताना सांगितलं. त्यांनी कोणाची धार कधी काढता ते विचारलं. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, ताई, आजारी गाय शेवटी. एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तिच्या दुधात पहिल्यांदा बारीक गाठी दिसल्या तेव्हा थंडीने असेल म्हणून मी चार दिवस घालवले. का, याचं उत्तर डायरीत नाही. तुमची गाय माझ्याकडे येऊन आजारी पडली, हे मला कबूल करायचं नव्हतं बहुतेक.

तुला राग आला का, ते स्पष्ट लिही. मोनिकाला पापा. माझ्यावरची माया तशीच ठेव, असं म्हणायचा धीर होत नाही, तरी ठेव.

तुझी अक्का,
सत्यशीला

कारखान्याचा तळ,
१६ फेब्रुवारी

ती. अक्कांना रेश्माचा शि. सा. न. वि. वि.

गोरक्षभाऊंनी पत्र दिलं. म्हनले, वहिनी, लई जाड हाय, ग्रामसभेचा ठराव हाय का काय. मी हासले. मग वाचलं.

तुमी इचारलं म्हणून लिहिते. व्हय, राग हाय. बी. ए. झालेल्या मानसाकडं गाय ठेवली म्हणून मी निवांत मोळ्या बांधत हुते. पन आजाऱ्याचं आधी, हे मीबी केलं असतं. त्यामुळं राग कुठं ठेवावा ते कळत न्हाई.

तुमच्या भावाला सांगितलं न्हाई. ते फडात सगळ्यांना सांगत्यात, औंदा शेवटचा कोयता. मुकादम शिवरात्रीला पुढल्या सालाची नावं पक्की करनार, तर ह्यांनी आत्ताच सांगून टाकलंय, आमचं जोडपं धरू नका, घरी चौदा लिटरची गाय हाय. मुकादम म्हनला, गाईच्या जिवावर बसून खानार व्हय रं. हे म्हनले, बसून न्हाई, उकिडवं बसून. सगळा फड हासला. मोनिका जूनपासनं गावच्या शाळंत पाचवीला जायचं म्हणून उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून पाढे म्हनती.

अक्का, पुढचे दोन सड हायेत ना. दोन सडांवर जमवू. ह्यांना आत्ता कळवू नका, घरी आल्यावर मी सांगीन. हासतोय मानूस, हासू द्या.

लोभ कमी झाला न्हाई, पन आज त्याच्यावर लिहवत न्हाई.

तुमची,
रेश्मा

पाथर्डी,
२४ फेब्रुवारी

चि. सौ. रेश्मा हीस अ. उ. आ.

तू राग लिहिलास, बरं केलंस. दोन सडांवर जमवू, ही ओळ मात्र पुनःपुन्हा वाचली. शनिवारी तिसरा सड गेला. चौथ्यातून कपभर पाणी येतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेतालाही हे सड धरतील अशी आशा ठेवू नका.

माझी दुसरी गाय, कपिला, तुम्हाला द्यायचं ठरवलं होतं. दिसायला ती चांगली आहे, पण देण्याआधी चारही सडांचं दूध तपासून घेतलं. वरून काही दिसत नसताना तिच्यातही दगडीचाच दोष निघाला. माहीत असून ती तुमच्या दावणीला कशी बांधू? आता गोठ्यात सगळं रीतसर चालतं. हात धुते, प्रत्येकीला वेगळं फडकं, धारेनंतर सड औषधात बुडवते, पुढे वैरण टाकते. क्रम तेवढा लावता येत नाही, कारण निरोगी कुणी उरलीच नाही.

मोनिकाला शाळेसाठी माझ्याकडे ठेव, असं लिहिणार होते. गाय ठेवून घेतली त्या हाताने ते लिहवेना.

तुझं एक ऐकणं मला जमणार नाही. परवा शिवरात्र. नाव गेलं नाही तर पुढच्या दिवाळीला तुमच्याकडे गायही नसेल आणि कोयताही. गप्प राहून मी आधी चार दिवस घालवले, मग दोन महिने. आता कल्याणला सांगते आहे ते त्याच्यासाठी की माझं मन हलकं व्हावं म्हणून, याचा बराच विचार केला. खात्री होत नाही. तरी सांगणार. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा त्याचं हसणं थांबलेलं असेल.

हवी तेवढी रागाव, पण लिहायचं सोडू नकोस.

तुझी अक्का,
सत्यशीला

डायरी, २४ फेब्रुवारी. उद्याचं काम: धारा काढायच्या आत कल्याणला फोन करून सांगणे, मुकादमाकडे नाव दे.