तांबी आहे ना!

८ एप्रिल
परत तेच! खाज, लघवीला आग. मागच्याच महिन्यात गोळ्यांचा कोर्स केला — मी एकटीने. नवरा, वाल्मीक, द्राक्षांच्या गाड्यांबरोबर कोलकात्याला जातो, आला की मला हे सुरू.

१० एप्रिल
द्वारका चौकातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. सासूबाईंना सांगितलं, दाढ दुखतेय. बाई म्हणाल्या, "हे नवऱ्याकडून येतंय. त्यांनाही गोळ्या द्या, तोवर निरोधशिवाय जवळ येऊ देऊ नका. तांबीनं मूल थांबतं, रोग नाही." आणि मी वेडी, तांबी आहे म्हणजे सगळंच बंद समजत होते! एचआयव्हीसाठी रक्त दिलं.

११ एप्रिल
एचआयव्ही नाही! रिक्षात रडले. तीन महिन्यांनी परत तपासायचंय.

१३ एप्रिल
सासूबाई पोरींना घेऊन वणीला गेल्या, म्हणून वाल्मीकशी बोलले. निरोधचं नाव काढलं आणि भडकलाच! "तांबी आहे ना? मग कशाला? माझ्यावर डाउट घेते का?" गोळ्यांकडे बघितलंही नाही. "मला काय धाड भरलीय!"
तांबी नसती तर निरोध मागता तरी आला असता. असताना मागितला की झाला आरोप. कुणाला सांगू? जीव नकोसा झालाय.

१५ एप्रिल
नको म्हटलं होतं. ऐकलं नाही.

१८ एप्रिल
सुचलं! तांबीच काढायची. मग वापरेल झक मारत! दोन पोरी बास, तिसरं परवडत नाही, हे त्याचंच म्हणणं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, हा काही उपाय नाही." म्हटलं, तुम्ही काढा. काढली. येताना पोरींना उसाचा रस पाजला, मीही प्यायले. किती दिवसांनी काहीतरी गोड लागलं.

२१ एप्रिल
त्याला सांगितलं, दोरा टोचत होता, काढून टाकली. हसला. खरंच हसला! "बरं झालं. होऊ दे की तिसरं. पोरगाच होईल." सासूबाईंनी दुपारी शिरा केला.
मूर्ख मी! आता रोगही आणि दिवस जायची भीतीही. काय करून बसले हे!

२२ एप्रिल
आज पुन्हा दार लावून घेतलं त्यानं. मी उघडलं. "एवढी घाबरते पोराला?" म्हणाला. मी ओरडलेच — "पोराला नाही, तुम्हाला! हा रोग तुम्ही दिलाय मला!"
बाहेर सासूबाईंनी टीव्ही बंद केला.