शेवंतीकडे पाहू नको

वडनेर

शेवंतीच्या बाबाले,

पोरीले देवी येऊन गेल्या, तोंडावर वण राह्यले. तुमची माय म्हणते, "गरवार बाईनं असं तोंड पाहू नाई, पोटातलं तसंच निघते." अन् तुमी पुलगावून लगेच निरोप धाडला, पोरीले मामाकडे सोड म्हणून.

काऊन जी? तुमच्या मायच्या गालावर तर याहून खोल वण हायेत. तुमच्या वक्ती त्याईनं काय नऊ महिने आरसा पाह्यला नाई? तुमी कसे गुळगुळीत निघाले?

भेव मलेही वाटते. शेवंती मांडीवर बसली की माह्यं तोंड फिरते, अन् पोरगी हनुवटी धरून मले आपल्याकडे वळवते.

हे पत्र टाकाची हिंमत नाई. पण पोरीले न्याले कोनी आलं, तर दार उघडनार नाई. तुमी आले तरी नाई.

शेवंतीची माय