मांडवाच्या खांबाआड

नाशिक, १२ मार्च २००३

प्रिय दादा,

"आई, तू फोटोत येऊ नकोस," असं तू तुझ्या लग्नात म्हणाला होतास. विधवेनं शुभकार्यात पुढे येऊ नये, म्हणून विधींना काका-काकू बसले होते. तरीही एका फोटोच्या कडेला, मांडवाच्या खांबाआड, आई तुझ्याकडे बघत उभी आहे.

आईवरचं माझं पुस्तक मी स्वतःच छापते आहे. मुखपृष्ठावर मला फोटोची तेवढीच कडा हवी आहे. माझ्याकडे फक्त झेरॉक्स आहे. ती कुणी दिली, ते विचारू नकोस. डीटीपी करणारी ज्योत्स्ना म्हणाली, "ताई, यात खांबच दिसतोय, आई कुठंय? त्यापेक्षा झेंडूची फुलं टाकू." मी उगाच तिच्यावर चिडले. आईचा दुसरा फोटोच नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार?

तुझं ते वाक्य पुस्तकात आहे. तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. ते लपवून तुझ्याकडे फोटो मागणं मला जमत नाही, आणि ते कळल्यावर तू फोटो देशील असं वाटत नाही, म्हणून पाकिटावर अजून पत्ता घातलेला नाही.

सोमवारी मुखपृष्ठ छापायला जाईल. तू नाहीच म्हणशील. तरी अल्बममधला तो फोटो मला एक दिवस दे.

तुझी,
मंदा