आबांपुरती सहा फरश्यांची जागा

दि. १४ डिसेंबर २०२५, रविवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. (चौथ्या ओळीतल्या फरशीवर सिमेंटात उमटलेला सरजाआत्याच्या पायाचा अंगठा खिळ्याने खरवडत होतो. तो अर्धा सोडून लिहायला बसलो.)

तीर्थरूप दादा आणि आई, तुम्हा दोघांच्या पायांवर गोपाळचं डोकं. उसाच्या फडात थंडी किती आहे? आईच्या बोटाची जखम भरली का? दादा, मोळी उचलताना कमरेला फडकं घट्ट बांधत जा. इकडे शेळी बरी आहे, मी बरा आहे, आबांचं पुढे लिहितो.

गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घरकुलाच्या खोलीला फरशी बसवून ठेव, असं सांगून तुम्ही गेलात. खोली बारा बाय बारा, फरशी दोन बाय दोन, म्हणजे छत्तीस फरश्या. हे मी तीनदा मोजून वहीत लिहिलं. पण आबांनी पहिल्याच दिवशी छत्तीसला हरकत घेतली. माणूस जायला निघाला की त्याला बाजेवरून सारवलेल्या भुईवर घेतात; खोलीभर फरशी झाल्यावर मला कुठं घेणार, असं त्यांचं म्हणणं. बन्सीधर मिस्त्री म्हणाले की मानवतला हल्ली फरशीवरच शेणपाणी शिंपडून भागवतात. त्यावर आबा म्हणाले, "फरशीवर शेण धरत न्हाई, मानूस काय धरंल?" मिस्त्रींनी तंबाखू मळायला घेतली. मग आबा स्वतः भुईवर आडवे झाले आणि मला खडूने भोवती रेघ ओढायला लावली. लांबीला तीन फरश्या भरल्या. रुंदीला एक पुरेल असं मी म्हणालो, तर हात कुठं ठिऊ, डोक्यावर का, असं विचारलं. शेवटी तीन गुणिले दोन, सहा फरश्यांची जागा कोपऱ्यात कोरी सोडायची ठरली आणि मिस्त्रींनी ती मान्य केली.

गुरुवारी काम धरलं. खोली रिकामी हवी म्हणून आबांना बाहेर काढलं, त्यात बाजेचा एक पाय मोडला. मग तुळशीजवळ ऊन चांगलं येतं म्हणून त्यांना तिथे गोधडीवर निजवलं. धूळ उडू नये म्हणून आधी ती जागा सारवून घेतली. फरशीच्या कडा कापायच्या मशीनची पूड त्यांच्या खोकल्याला वाईट, म्हणून तोंडावर पांढरं धोतर टाकलं. घसा कोरडा पडू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने धोतर बाजूला करून चमच्याने पाणी पाजलं. यातली एक तरी गोष्ट चुकीची होती का, तुम्हीच सांगा. पण शेजारच्या छबूबाईने कुडावरून एवढंच पाहिलं की भुई सारवली आहे, जवळ तुळस आहे, पांढरं धोतर आहे आणि नातू चमच्याने पाणी घालतो आहे. तिने मला काही विचारलं नाही. आधी आपली चूल विझवली (गल्लीतून माणूस उचलेपर्यंत चूल पेटवायची नाही, हा नियम ती फार पाळते) आणि मग सोनपेठला आत्याला फोन लावला.

आत्या जीपमधून उतरली ती रस्त्यापासूनच रडत आली. मी सांगत होतो की आबा जिवंत आहेत, पण रडणाऱ्या माणसाला काही सांगता येत नाही. उलट तिने मलाच छातीशी धरून धीर दिला. मग आबांच्या तोंडात घालायला गंगाजल हवं, ते देव्हाऱ्यात, आणि देव्हारा खोलीत. मिस्त्री दोन्ही हात आडवे करून "बाई, वल्लं हाय, वल्लं हाय" म्हणत राहिले. आत्या धावली, तिच्यामागे तांब्या शोधायला जमलेल्यांतले आणखी सातजण. चार ओळी खचल्या. तेवढ्यात तुमच्या टोळीच्या ट्रॅक्टरचं टायर बदलायला गावी आलेला नागनाथ दोन बांबू आणि एक मडकं घेऊन हजर झाला (तो कुठल्याही कामात उशीर करत नाही).

आबा धोतराखाली गप्प होते. कोन कसं रडतंय ते ऐकायलो होतो, असं नंतर म्हणाले. मग हळूच धोतर बाजूला करून त्यांनी विचारलं, "परमेश्वर आलाय का?"

आधी सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. शेवटी आत्या म्हणाली, "दादा उसाला हाय की, बाबा."

"मंग मला वर घ्या. त्यो आल्याबिगर मी जात न्हाई."

सगळे उठले. छबूबाईने आता चूल पेटवू का नको, असं दोनदा विचारलं. मिस्त्रींनी शुक्रवारी खचलेल्या ओळी उकरून पुन्हा बसवल्या. बाजेला विटांचा पाय लावून आबांना कोऱ्या जागेशेजारी निजवलं आहे. बाकी सर्व क्षेम. आईने काळजी करू नये.

तुमचा आज्ञाधारक,
गोपाळ

ता. क. हे फोनवर सांगता येत नाही. आबा फोन स्पीकरवर लावायला लावतात आणि मधेच "मी ठनठनीत हाय, काम सोडून येऊ नको" म्हणतात. दादा, ते ठणठणीत नाहीत. शुक्रवारी पाथरीच्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन आठ-दहा दिवस सांगितले. त्यातले दोन गेले. कालपासून दूधसुद्धा गिळत नाहीत, नुसतं दाराकडे पाहतात. नागनाथ आज ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर निघाला आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो.

ता. क. दुसरा. हिशेब. तुम्ही दिलेले १०,०००. छत्तीस फरश्या ५,५८०, सिमेंट १,४८०, वाळू १,२००, मिस्त्रींना दिले १,५००. खर्च ९,७६०, शिल्लक २४०. मिस्त्रींचे देणे १,३००, ते थांबायला तयार आहेत. उरलेल्या सहा फरश्या छबूबाईला न्हाणीसाठी ७२० ला विकल्या. शिल्लक धरून ९६० रुपये या पत्राच्या घडीत ठेवले आहेत. आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय मुकादम दोघांना सोडणार नाही, हे मला माहीत आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, तर आईला दुसऱ्या कुणाच्या जोडीला अर्ध्या कोयत्यावर ठेवा. दादा, इथवर यायचं भाडं एकाच माणसाचं आहे.