पुटकुळ्यांची हजेरी

४ मार्च
ऑफिसच्या दारातलं हजेरीचं मशीन म्हणालं, "चेहरा जुळत नाही." चष्मा काढला, केस मागे घेतले, पुन्हा उभी राहिले. "चेहरा जुळत नाही." मागे रांग! वॉचमनकाकांनी बाजूच्या दाराने आत घेतलं, पण हजेरी काही लागली नाही.

कारण घरी आरशात कळलं. कामाला लागले तेव्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसत्या पुटकुळ्या, आणि मशीनने तोच चेहरा धरून ठेवलाय. मग मेडिकलवाल्याने सॅलिसिलिक ॲसिड दिलं — रात्री, एक दिवसाआड, आणि दिवसा सनस्क्रीन. शहाण्या मुलीसारखं लावलं. आयुष्यात पहिल्यांदा चेहरा लख्ख झाला, तर दारातच अडले.

५ मार्च
दिवसभर पाण्याच्या मीटरच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "आज तुम्ही गैरहजर आहात."
"सर, मी इथेच बसलेय."
"ते दिसतंय मला. पण आहात गैरहजर." आणि आणखी एक गठ्ठा ठेवून गेले.

मला पर्मनंट करायचं की नारळ द्यायचा, ते या महिन्याच्या हजेरीवर ठरणार आहे. ही नोकरी मला हवीय. अगदी मनापासून हवीय.

६ मार्च
आस्थापना विभागातल्या बाई म्हणाल्या, "नवा चेहरा नोंदवता येतो की. फक्त आधी जुन्या चेहऱ्याने मशीनपुढे उभं राहून मंजुरी द्यायची."
म्हटलं, जुना गेला.
"मग घेऊन या." जसा काही मी तो बसमध्ये विसरलेय.

९ मार्च
ॲसिड बंद. तळलेलं खातेय, तोंड धूत नाही. एक पुटकुळी येईल तर शपथ! पूर्वी न बोलावता यायच्या मेल्या.

११ मार्च
मेडिकलवाला म्हणाला, नवं ॲसिड सुरू केलं की काहींना आधी पुटकुळ्या उसळतात. म्हटलं, मग त्यातलं सगळ्यात कडक द्या. तो बघतच राहिला. "हे रोज लावायचं नाही हं."

१५ मार्च
रोज लावलं. दोन्ही वेळा. पुटकुळी एक नाही! चेहरा मात्र लालभडक, गालांची सालं निघतायत, साधं पाणी लागलं तरी झोंबतं. आता मशीनच काय, शेजारीणही ओळखत नाही. मेडिकलवाल्याने सगळं बंद करायला लावून साधं मॉइश्चरायझर हातात ठेवलं. त्यात साहेबांचा निरोप — उद्याही गैरहजर दिसलात तर समजून जा.

रडले. ताई नोकरी सुटल्यापासून घरीच असते. ती म्हणाली, "रड, पण गालावर ओघळू देऊ नकोस." मग आयब्रो पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसली. टोक टेकताच मी कळवळले. तेव्हा तिने माझं ओळखपत्र समोर ठेवलं आणि फोटोतल्या पुटकुळ्या एकेक करून स्वतःच्या चेहऱ्यावर काढल्या. आम्ही दोघी तशा एका साच्यातल्याच. "मी हजेरी लावते न् बाहेर येते. मग तू आत शीर."

१६ मार्च
लागली! पण ताई वळणार तोच साहेबांनी तिच्या हातात गठ्ठा दिला. "आलात एकदाच्या." ती माझ्या टेबलाशी जाऊन बसली. मी बाजूच्या दाराशी गेले, तर वॉचमनकाका म्हणाले, "तुम्ही तर मघाशीच आत गेलात."

संध्याकाळी ताई म्हणाली, "सगळ्या तक्रारी संपवल्या. किती दिवसांनी बरं वाटलं गं." मलाही बरं वाटलं.

१७ मार्च
माझा चेहरा बरा होईपर्यंत ताईच जाणार.

२९ मार्च
लाली गेली. आणि पुटकुळ्या आल्या — सगळ्या, जागच्या जागी! पेन्सिलीच्या पुटकुळ्या काढून ताई निघून गेली होती, तरी धावत ऑफिस गाठलं, मशीनपुढे उभी राहिले. मशीनने लगेच ओळखलं.
"आपली हजेरी लागलेली आहे."

३१ मार्च
पर्मनंटचं पत्र आलं. नाव माझं, फोटो मशीनने टिपलेला — ताईचा. तिने मला मिठी मारली, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्यापासून माझा डबा जरा लवकर करशील?"