शेवटचं टेबल

बाबा, तुम्हाला एक नात आहे. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी झाली, तेव्हा तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. एकवीस वर्षांची आहे. नाक तुमच्यावर गेलंय आणि वाद घालायची खोडही. दीड वर्षापासून तिला रक्ताचा आजार आहे. नागपूरला नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं, आणि गेल्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की आता घरी न्या, तिला आवडेल ते खाऊ घाला. मी गणिताची बाई आहे, या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. तेव्हापासून ती आदिलाबादजवळच्या मावल्यातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत खिडकीपाशी पडून असते. गेल्या सोमवारी तिनं तुमचा विषय काढला आणि मला अडचणीत आणलं, म्हणून हे लिहायला बसले.

"आई, आजोबांचं ते टेबलाचं सांग ना," ती म्हणाली. "देव एकच हाये, हे कसं सिद्ध करत होते ते?"

ती लहान असताना तिला भरवताना मी हेच सांगायचे. बाकीच्या आया चिऊकाऊचे घास भरवायच्या आणि मी तुमचे पुरावे भरवायचे. पोरीनं ते लक्षात ठेवले असतील असं मला वाटलं नव्हतं. पण आता ती पहिल्यापासून ऐकायला निघाली होती, एकही पायरी न गाळता, म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. तिचे आजोबा काय करायचे, इथपासून.

तर तुम्ही अर्जनवीस. आदिलाबादच्या कचेरीबाहेर लिंबाखाली तुमची सतरंजी, पुढ्यात लाकडी पेटी, पेटीवर कार्बन घातलेले कागद. ज्याला लिहिता येत नाही त्याचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि साहेबाला समजेल अशा भाषेत कागदावर उतरवायचं, मराठीत ऐकलेलं तेलुगूत, तेलुगूत ऐकलेलं उर्दूत. त्या सतरंजीवर बसून हा माणूस देवाचा हिशोब मांडतो, हे कचेरीत कुणाच्या गावीही नव्हतं. तुम्ही कधी पूजा केली नाहीत. आई मात्र सगळ्यांचीच करायची. शनिवारी बालाजी, आषाढात पोचम्मा, गुरुवारी दर्ग्यावर ऊद. तुम्ही तिला चिडवायचात, "एकच अर्ज दहा टेबलावर देऊन राह्यली तू. एकबी टेबल हालनार नाई." ती भाकरी थापता थापता म्हणायची, "जिंदगी कचेरीत गेली अन तुमालेच मालूम नाई? साहेबापेक्षा शिपायाकडून काम लवकर होते." तुम्ही हसायचात आणि मला हाक मारायचात, कारण घरात ऐकून घेणारी मीच होते.

मी वालाच्या शेंगा सोलत बसलेली असायचे आणि तुम्ही सुरू करायचात. "पटवाऱ्याच्या वरतं कोन? तहसीलदार. त्याच्या वरतं? कलेक्टर. त्याच्या वरतं? असं वरतं वरतं किती जाशीन? कुठं थांबलंच नाई, त एकबी अर्ज निकाली निंघनार नाई. पन निकाल त होऊन राह्यले ना! सूर्य उगवते, कापूस फुटते, मानूस मरते. म्हंजे कुठंतरी शेवटचं टेबल हाये." मग एक बोट वर करून, "अन ते एकच हाये. दोन असते, त दोघं एकमेकाकडे ढकलत बसले असते, मिसल मधातच सडली असती." मिसल म्हणजे फाइल, हे मला तुमच्या नातीला सांगावं लागलं. आणि शेवटी तुमचा आवडता पुरावा, तो कायमचा कसा याचा. "ज्याची नेमणूक झाली त्याची बदली होते. मी पंचवीस साहेब पाह्यले, एकबी राह्यला नाई. आता शेवटच्या टेबलावर जो बसला त्याले कोनी नेमलं असन, त नेमनारा त्याच्या वरतं झाला, मंग हे टेबल शेवटचं कायचं? म्हंजे त्याले कोनी नेमलं नाई. अन ज्याले नेमनाराच नाई, त्याले हटवनार कोन?" एवढं झालं की तुम्ही मांडी बदलायचात आणि म्हणायचात, "आता दाखव भोक."

एकदा, मी नऊ वर्षांची असेन, मी म्हणाले की भोक नाही, आमच्या बाईंनीही सांगितलंय देव एकच असतो. तुम्ही जेवता जेवता हात थांबवलात. तुमचा आवाज मी त्याआधी तसा कधी ऐकला नव्हता. "कोनी सांगतलं म्हनून खरं होते काय? मी सांगतलं म्हनूनबी नाई. भोक पाह्य, नाईतर उठ इथून." मी रडत उठले. आईनं तुम्हाला त्या दिवशी चांगलं फैलावर घेतलं, लेकराशी काय कोर्टातल्यासारखं बोलता म्हणून. पण मला ते लागलं आणि मी भोकं शोधायला शिकले. आज पोरं माझ्या वर्गात घाबरतात त्याचं मूळ त्या ताटापाशी आहे.

बाराव्या वर्षी मला खरं भोक सापडलं. मी म्हणाले, दोन शेवटची टेबलं असली आणि दोघांचं छान पटत असलं तर? कशाला ढकलतील एकमेकांकडे? उत्तर त्या दिवशी आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीतून आलात ते चपलांसकट स्वयंपाकघराच्या दारात उभे. "एकानं शेरा मारला अन दुसऱ्यानं त्याच्याखाली सही केली, तवा पटलं. बराबर? मंग ज्यानं खाली सही केली तो दुय्यम झाला, तो शेवटचा नाई. अन दोघायनं एकाच वक्ती, एकाच अक्षरात, तोच शेरा मारला, कधीच फरक पडला नाई, त त्याइले दोन काऊन म्हनतं? एकच मोज ना." मी मान्य केलं. तुम्ही इतके खूश झालात की सुट्टीच्या दिवशी मला सोबत नेऊन सतरंजीवर शेजारी बसवलंत, तुमचं पेन दिलंत आणि म्हणालात, पुढचा अर्ज ही लिहिणार.

पुढची आली ती नेरडीगोंड्याकडची एक बाई. शेजाऱ्यानं तिच्या शेताची वाट काट्या टाकून बंद केली होती. मी चार वेळा खाडाखोड करून अर्ज लिहिला, तिनं अंगठा उठवला, कागद आत गेला. मला वाटलं आठवड्यात कोणीतरी जाऊन काट्या उचलेल. तीन महिने झाले, काही नाही. मग एक दिवस ती बाई गूळ घेऊन आली. वाट मोकळी झाली होती, शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं, मांडवाला हिच्या आवाराची जागा लागत होती, म्हणून त्यानंच येऊन काट्या काढल्या. तुम्ही गूळ मोडून मला दिलात. मी म्हणाले, पण अर्जानं नाही झालं. तुम्ही म्हणालात, "झालं ना काम? मंग." त्या 'मंग'वर माझं समाधान झालं नाही.

आई गेली तेव्हा मी बी.एड.ला होते. नुसता ताप, आणि नऊ दिवसांत सगळं संपलं. त्या नऊ दिवसांत आपण दोघांनी काय काय केलं ते लिहीत नाही. तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि सकाळी तुम्ही चहा करायला उभे राहिलात, आयुष्यात पहिल्यांदा. साखर कुठल्या डब्यात असते ते तुम्हाला माहीत नव्हतं, तुम्ही एकेक झाकण उघडून बघत होता. आणि सवयीनं, मला धीर द्यावा म्हणून असेल, म्हणालात, "शेवटच्या टेबलावरून निकाल लागला, पोरी. तिथून वरतं जाता येत नाई." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, टेबल आहे हे सिद्ध झालं, बाबा. एकच आहे, कायमचं आहे, सगळं सिद्ध झालं. तिथं जो बसलाय तो अर्ज वाचतो, हे कधी सिद्ध केलंत?

चहा उतू गेला. तुम्ही फडक्यानं ओटा पुसलात, फडकं धुतलंत, पिळून वाळत घातलंत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "हे मले नाई सुचलं." आणि मला, आईला जाऊन चौदा दिवस झाले असताना, जिंकल्यासारखं वाटलं. चांगला घटकाभर तो आनंद टिकला. त्यानंतर मी तीन दिवस वाट पाहिली, मग तीन आठवडे. तुम्ही रोज कचेरीत जात होता, परत येत होता, जेवत होता. देवाचं नाव तुमच्या तोंडून पुन्हा आलं नाही, ना बाजूनं ना विरुद्ध. अकरा महिन्यांनी तुम्ही त्या सतरंजीवरच कलंडलात. तुमची पेटी घरी आणल्यावर मी तिच्यातला कागद न कागद पाहिला. कुठंतरी उत्तर लिहून ठेवलं असेल अशी मला आशा होती. आत लोकांच्या अर्जांच्या कार्बन प्रती होत्या, बाकी काही नव्हतं.

हे शेवटचं मी तुमच्या नातीला सांगितलं नाही. सहीच्या पुराव्याशी थांबले. ती डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. तिचे वडील घरी नव्हते. दुकान बंद ठेवून ते हल्ली रोज कुठं ना कुठं जातात, कुणी सांगेल त्या देवळात, सांगेल त्या दर्ग्यात, येताना अंगारा, दोरा, पाण्याची बाटली आणतात. मी आईला हसायचे तशी त्यांना हसत नाही. उलट मला वाटतं, दोन असते तर बरं झालं असतं, बाबा. एकाची तक्रार दुसऱ्याकडे तरी नेता आली असती. तुम्ही इतकं पक्कं सिद्ध करून ठेवलंत की जायला जागाच उरली नाही.

मग पोरीनं डोळे उघडले. "एक हाये, पटलं," ती म्हणाली. "कायमचा हाये, तेबी पटलं. पण आई, तो वाचते का?"

मी तिला काही सुचवलं नव्हतं, शप्पथ. तिची ती तिथं पोचली. माझ्यासारखी रागानंही नाही, खरंच विचारत होती, गणितात अडल्यावर विचारायची तसं. आणि मी म्हणाले, वाचतो. आजोबांनी तेही सिद्ध केलं होतं, जरा लांबलचक आहे, आठवून सांगते. ती म्हणाली, "आठव मग. मी थांबते."

मंगळवारी शाळेला रजा टाकून मी कागद घेऊन बसले. मांडून पाहिलं. न वाचणाऱ्यापेक्षा वाचणारा मोठा. शेवटच्यापेक्षा मोठा कोणी असू शकत नाही. म्हणून शेवटचा वाचणारच. दिसायला बरं दिसत होतं, पण पुढच्याच मिनिटाला भोक दिसलं. मोठा कशात? कलेक्टर शिपायापेक्षा मोठा असतो आणि कागद मात्र शिपाई उघडतो. दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. ज्यानं बनवलं त्याला बनवलेल्याची खबर असणारच. असेलही, पण खबर असणं वेगळं आणि लक्ष घालणं वेगळं. मी वर्गातल्या सगळ्या पोरांना ओळखते, सगळ्यांच्या वह्या वेळेवर थोड्याच तपासते? आणि समजा वाचतो, तर मग प्रश्न आणखी वाईट होतो. वाचूनही बाजूला ठेवतो, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा न वाचणारा परवडला. सहा कागद फाडले. तुम्ही तीन दिवसांत आणलं होतंत तसं काही माझ्याकडून आलं नाही आणि तुम्हालाही या प्रश्नावर अकरा महिने पुरले नाहीत, तेव्हा मी स्वतःला फार दोष देत नाही.

बुधवारी तिनं विचारलं, "आठवलं काय?" मी म्हणाले, अर्धं आठवलंय. गुरुवारी तिला बोलायचे कष्ट होत होते, तरी तिनं भुवया उंचावून विचारलं, आणि मी मान हलवली, उद्या. शुक्रवारी ती पाणीही चमच्यानं घेत होती. मी दिवसभर तिच्या उशाशी होते, संत्र्याचा रस काढला, केस विंचरले. ती खिडकीतून बघत होती, मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि काही विचारलं नाही. आजही नाही. तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग नाही, बाबा, तिनं मला समजून घेतलंय, एवढं मला कळतं.

हा कागद कुठं पाठवायचा हा प्रश्नच नाही. घडी घालून कपाटात ठेवीन. उत्तर मागायला बसले होते, ते मागून काय उपयोग. फक्त एक गोष्ट तुमच्यापाशी कबूल करते, कारण दुसऱ्या कुणापाशी करता येणार नाही. तिनं विचारायचं सोडलं, तेव्हा मला हायसं वाटलं.