सोनिकाच्या पाठचं बाळ

११ ऑगस्ट २०१२, शनिवार

आज नागपूरला रिपोर्ट मिळाला. पोटातल्या बाळालाही सिकलसेल. सोनिकासारखाच, पूर्ण!

डॉक्टरबाई चांगल्या बोलल्या. "तिसरा महिना संपला. बाळ ठेवायचं की नाही, ते लवकर ठरवा. जबरदस्ती कोणाची नाही." मी मान हलवली. काय म्हणून हलवली, मलाच माहीत नाही.

गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले. गोंदियाला उतरल्यावर एवढंच म्हणाले, "वीस तारखेले सोमवार आहे. मी मिलमधून सुट्टी घेतो."

१२ ऑगस्ट

लग्न जुळवताना आमचं रक्त कोणी तपासलं? शेती पाहिली, घर पाहिलं, पत्रिका पाहिली. आजार दोघांच्याही रक्तात अर्धा अर्धा होता. आम्हाला कधी डोकंसुद्धा दुखलं नाही. दोन्ही अर्धे सोनिकाच्या वाट्याला गेले.

नऊ वर्षांची आहे. लहानपणापासून रोज गोळ्या. थंडी बाधली, जास्त पळाली, ताप आला — हाडं दुखायला लागतात. चादर अंगाला लागली तरी ओरडते.

हे म्हणाले, "एकीचं ओरडणं ऐकून मी अर्धा झालो, रविता. आता दुसरं आणून त्याले भी रडवाचं का? त्यापेक्षा आलंच नाई तर बरं." वाईट माणूस नाहीत. दुखणं उठलं की तिला मांडीवर घेऊन हेच बसतात. मला ऐकवत नाही. मी परसात निघून जाते. हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

१४ ऑगस्ट

माझ्या अंगणवाडीत चौदा लेकरं. मी लागले तेव्हा बत्तीस होती. खिचडीचं पातेलं तेच आहे, तळाला जेमतेम शिजते.

शामकला, आमची मदतनीस, म्हणाली, "बाई, एक झालं की सगळ्याच बंद करून राहिल्या. दहा वर्षांनी इथं कुलूप लागते पाहा." आणि हसली. तिला माझं माहीत नाही.

सगळ्याच म्हणजे — त्यांना नसबंदीच्या शिबिराला घेऊन जाणारी मीच. आणि दोघी-तिघींना त्याआधी दवाखान्यात. "लवकर आहे, पोट खाली करून घे, काही होत नाही." किती सहज म्हणत होते मी! गेल्या वर्षी नंदलालची बायको दवाखान्यातून परत येताना एसटीत सबंध वाट पदर तोंडात धरून बसली होती. मी तिला बिस्किटाचा पुडा दिला. काही होत नाही म्हणे.

१७ ऑगस्ट

मायला आज सांगितलं. (सासूला मी मायच म्हणते.) वाटलं, ती म्हणेल मोकळी हो बाई. सोनिकाच्या दुखण्याला तीच कंटाळली असेल असं वाटायचं.

धानाचं निंदण करून आली होती, पायाला चिखल. तशीच ओसरीवर बसली. "माझे पाच झाले. तीन गेले. कोणाले आठ दिस, कोणाले दोन वरीस. तेवढे दिस ते माझे होते ना वो? कोणाले मी म्हटलं नाई, तू येऊ नोको."

हे आतून ओरडले, "तुले काय जाते बोलाले! भोगणार कोण?"

"तेच भोगन," माय म्हणाली. "पण त्याचं ते भोगन. तू कायले आधीच ठरवून राहिला?"

मग कोणीच जेवलं नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

आजचंही लिहिते.

मी पिशवी भरत होते. साडी, टॉवेल, रिपोर्ट. सोनिका दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं. लेकरं ऐकतातच.

"आई, बाळाले माझ्यासारखंच आहे म्हणून नोको का?"

मी म्हटलं, तसं नाही ग.

"मी पोटात होती तवा तुले माहीत असतं तर?"

मी म्हटलं, तुला कधीच नाही! तू माझी आहेस ना. जवळ घेतलं. ती ताठ उभी राहिली.

"मग एवढा वेळ काऊन लागला बोलाले?"

लागला होता. खरंच लागला होता.

२० ऑगस्ट

गेले नाही.

हे पिशवी घेऊन फाट्यावर उभे होते. एसटी आली, थांबली, कंडक्टरनं दोनदा विचारलं. मी झाडाखालून हललेच नाही. गाडी गेल्यावर म्हणाले, "एवढ्यापुढं मले काही सांगू नोको." पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, निघून गेले.

मी बरोबर केलं असं वाटत नाही. फक्त एसटीची ती पायरी मला चढता आली नाही.

२ सप्टेंबर

घरात दोन शब्द. "जेवाले वाढ." बस.

५ नोव्हेंबर

धान कापणी सुरू. सोनिकाला तीन दिवस गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं, रक्त चढवलं. हे तिच्या उशाशी बसले, मी पायथ्याशी. या वेळी बाहेर गेले नाही.

दुखणं उतरल्यावर तिनं पोटावर कान ठेवला. "लाथ मारून राहिला आई! चांगला जोर आहे." हे उठून पाणी आणायला गेले. तांब्या भरलेलाच होता.

१५ फेब्रुवारी २०१३

काल सकाळी मुलगा झाला. सोनिकानं नाव आधीच ठरवलं होतं — लोकेंद्र. बाळ गोरं, केस भरपूर. कोण म्हणेल आजारी आहे!

यांनी दारातून पाहिलं. घेतलं नाही. माय म्हणाली, "घे ना रे तिलक." "हात खराब आहेत," म्हणाले. मग खूप वेळ नळावर धूत बसले. आलेच नाहीत.

१० मार्च

सोनिका शाळेतून पळत येते. पळू नको म्हणून ओरडावं लागतं. दप्तर काढायच्या आधी पाळणा. त्याला आजार समजावून सांगते — "थंडीत मोजे घालाचे. पाणी खूप प्याचं. दुखलं तर मले सांगाचं, मले माहीत आहे सगळं."

तिला विचारणारं कोणीतरी आलं आहे.

२९ मार्च

सोनिकाला ताप. छातीत दुखतं म्हणते.

३१ मार्च

गोंदियाला भरती. ऑक्सिजन लावला आहे. डॉक्टर म्हणतात, सिकलसेल छातीत उतरला. बाळ मायजवळ. माझं दूध वाहून चाललं आहे.

३ एप्रिल

सोनिका काल दुपारी गेली.

घर माणसांनी भरलं आहे. बाळ रडत होतं, मला उठवेना. यांनी त्याला उचललं. पहिल्यांदा. भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभे होते. मग न वळताच विचारलं, "याले गोळ्या कोणत्या महिन्यापासून सुरू करा लागते?"